दोन मोजेपर्यंत हात तिथेच

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

एका वाक्याची किंमत काढली. वाक्य काल दुपारी सव्वाचारला बोललो. आज सकाळपर्यंतचा खर्च असा: झोप, साडेचार तास. कालचं जेवण, अर्धं. बायकोला मारलेली थाप, एक (पित्त झालंय). मुलीने गाडीच्या आरशातून माझ्याकडे बघितलं ती नजर, एक. ती कशात मोजायची ते अजून सुचलेलं नाही. शिवाय पुढचे पाच रविवार, आगाऊ.

वाक्य असं: माझा स्ट्रोक ठीक आहे हो, फॉलो-थ्रू जरा गंजलाय.

मी आयुष्यात पूल खेळलेलो नाही.

कसं घडलं ते लिहून ठेवतो, म्हणजे नंतर माझं मलाच वेगळं आठवायला नको. मुलीचं ज्याच्याशी जमलंय त्याच्या घरी काल आम्ही पहिल्यांदा गेलो. होणारे व्याही हाताचे सर्जन. उंच, हळू बोलणारे, नखं काचेसारखी. माझा पत्र्याचे वॉशर कापायचा कारखाना, सहा पॉवर प्रेस, शाळा नववीपर्यंत. हे सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं आणि कोणी नाक मुरडलं नाही. तिथेच घोटाळा झाला. नाक मुरडलं असतं तर माझी तयारी होती. त्यांनी पुस्तकांची खोली दाखवली, मी मान डोलावली. पियानो दाखवला, मान डोलावली. मग जिन्याखालच्या खोलीत पूलचं टेबल, काठीने बॉल भोकांत घालायचा तो खेळ. माणसाने मान तरी किती डोलवायची.

त्याआधी चहाच्या वेळी ते शेजारच्या खोलीतून फोनवर कोणाला तरी सांगत होते, तुझा स्ट्रोक ठीक आहे, फॉलो-थ्रू गंजलाय. मी ऐकलं. माझे कान आधीपासून तिखट. ऑफिसात बसून सांगतो की चार नंबरच्या प्रेसचा पट्टा सैल झालाय. फोनवर बोलताना पलीकडच्या खोलीत किती माणसं आहेत तेही सांगतो. तर ते वाक्य कानातून आत गेलं होतं ते तोंडावाटे बाहेर आलं. भिंतीवरची एक काठी काढली, टेबलावरचा निळा खडू घेतला, सावकाश लावला आणि बोललो. जाणकार माणूस खडू लावण्यावरूनच ओळखू येतो. सगळे एकदम गप्प झाले. तिथेच निम्मी बाजी मारली.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांचा रोजचा जोडीदार वर्षापूर्वी परदेशी गेलाय. म्हणाले, १२ ऑक्टोबरला तुम्ही सगळे जेवायला येताय, लग्नाची तारीख ठरवायला. जेवणाआधी आपण दोघं एक गेम टाकू.

येताना गाडीत मुलगी म्हणाली, बाबा, त्या घरात एकच गोष्ट चालत नाही. थोरल्या मुलाचं ठरलेलं लग्न त्यांनी मोडलं, कारण नवऱ्या मुलीने नसलेली डिग्री आहे म्हणून सांगितली होती. डिग्री नव्हती म्हणून नाही हं, आहे म्हणाली म्हणून. मी म्हणालो, माझं वेगळं आहे. ती म्हणाली, कसं वेगळं? मी हॉर्न वाजवला. पुढे कोणी नव्हतं.

संकल्प: पाच आठवड्यांत पूल शिकायचं. लेथ मी नऊ दिवसांत शिकलो, गाडी एका दुपारी. कालचं वाक्य फक्त आज खोटं आहे. १२ ऑक्टोबरला ते खरं झालेलं असेल, थोडं आधी बोललेलं, इतकंच.

उठल्यापासून आंबट ढेकर मात्र येतायत. पित्त खरंच झालं असावं. म्हणजे बायकोलाही थाप मारलेली नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

क्लब सापडला. चष्म्याच्या दुकानावर पहिला मजला, आठ टेबलं, पंखे तीन. तिथे एक मार्कर आहे. टेबलं लावणं, गुण मोजणं, शिकवणं सगळं तोच करतो. साठीचा, किडकिडीत, कानावर पेन्सिल. त्याला म्हटलं, जुना गंज काढायचाय. त्याने काठी हातात दिली, मागे हात बांधून उभा राहिला, माझा पहिला शॉट बघितला. विचारलं, किती वर्षांचा गंज? म्हटलं, बरीच झाली. म्हणाला, साहेब, हा गंज नाही. गंजायला आधी लोखंड लागतं.

स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात. कारखान्यात असता तर काढून टाकला असता.

रोज सहा ते सात ठरलं. घरी सांगितलं, ऑडिट आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

टेबल उताराचं आहे. पांढरा बॉल सरळ मारला तरी डावीकडे जातो. उद्या पाणसळ घेऊन जातो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पाणसळ ठेवून बघितली. टेबल सपाट आहे. मग काठी वाकडी म्हणून टेबलावर गोल फिरवून बघितली. काठी सरळ आहे. शेजारच्या टेबलावरच्या दोन पोरी आपला खेळ थांबवून बघत होत्या. एक हळूच म्हणाली, आता काका बॉल गोल आहे का ते बघणार. मला ऐकू आलं. बॉल मी आधीच बघितला होता. व्हर्नियर कॅलिपरने. गोल आहे.

बूट बदलायला हवेत.

१३ सप्टेंबर, शनिवार

मार्करला दोष सापडला. म्हणाला, तुमचं मागे घेणं छान, पुढे येणं छान, पण टोक बॉलला लागलं रे लागलं की हात मागे येतो. तव्याला बोट लागल्यासारखा. बॉलला मारून पळू नका, काठी बॉलच्या पलीकडे जाऊ द्या, तोच फॉलो-थ्रू. तुम्ही घाबरता.

मी म्हटलं, मी? तेहतीस वर्षं पॉवर प्रेसवर काढलीत मी.

घरी येताना लक्षात आलं आणि रस्त्यातच हसू आलं. प्रेसवर सगळं शिक्षण तीन शब्दांचं. ठेव, ओढ, दाब. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेव, हात ओढ, मग पायाने पायडल दाब. वरून वीस टन खाली येतं. ज्याने हात ओढायला उशीर केला त्याचा हिशेब बोटांत होतो. आमच्या धंद्यात पन्नाशीला आलेले लोक एकमेकांशी हात मिळवताना मनातल्या मनात मोजतात. माझी दहाच्या दहा आहेत. तर माझ्या हाताला तेहतीस वर्षं एकच धडा मिळालाय: स्पर्श झाला की मागे ये.

म्हणजे हा दोष नव्हेच. हे क्वालिफिकेशन आहे. फक्त चुकीच्या टेबलावर.

आता रोग कळला, औषध सोपं. चार आठवडे भरपूर आहेत.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११

व्याह्यांचा फोन. स्क्रीनवर त्यांचं नाव. एवढ्या सकाळी रविवारी माणूस कशाला फोन करेल? कळलं असणार. कोणाकडे तरी चौकशी केली असेल.

त्यांनी विचारलं, काय म्हणतोय फॉलो-थ्रू?

म्हटलं, उतरतोय गंज हळूहळू. ते म्हणाले, काठी कितीची वापरता, वजन? मी म्हटलं, डॉक्टर, काठीचं वजन आणि बाईचं वय विचारू नये. पलीकडून घोगरा आवाज आला, मग खोकला. म्हणाले, वा. मी फोन ठेवला आणि शर्ट बदलला. घामाने पाठीला चिकटला होता.

एकंदर संभाषण उत्तम झालं. खोलीत ते एकटेच होते. आवाजावरून कळतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

मार्करने घरचा अभ्यास दिलाय. काचेची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवायची, काठीचं बारीक टोक, ज्याला खडू लावतात ते, तिच्या तोंडातून आत घालायचं आणि बाहेर काढायचं, काचेला न लागता. लागलं की टिंग होतं. टिंग म्हणजे हात वाकडा.

दाराची कडी लावून जेवणाच्या टेबलावर केलं. पन्नास वेळा. टिंग एकेचाळीस. शेवटची नऊ वेळा का नाही झालं म्हणून बघितलं तर काठी बाटलीच्या बाहेरून जात होती.

ही दार वाजवून म्हणाली, आत काय वाजतंय? म्हटलं, ऑडिट. ती म्हणाली, ऑडिटला घंटा असते हे माहीत नव्हतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पन्नासात टिंग तेवीस. जबरदस्त प्रगती. त्यात अंगठ्याने बाटलीचं तोंड जरा धरलं होतं, पण जरासंच.

२० सप्टेंबर, शनिवार

आज खरं औषध मिळालं. मार्कर म्हणाला, टोक बॉलला लागलं की काठी पुढे गेली पाहिजे आणि हात तिथेच राहिला पाहिजे. तिथेच. मोठ्याने मोजा, एक, दोन. दोन म्हणेपर्यंत हात हलवायचा नाही. बॉल कुठे गेला ते बघायचं नाही. म्हणाला, साहेब, हे एका तासाचं काम नाही, दिवसभर करा, कशाचंही करा, म्हणजे हाताला पटेल.

हाताला पटवायचं. हे वाक्य मला पटलं. कामगारही असाच पटवावा लागतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर करतोय. छत्री पुढे, एक, दोन. दाताचा ब्रश आरशाकडे, एक, दोन. लिफ्टचं बटण दाबून बोट तिथेच, एक, दोन. आतली माणसं एकमेकांकडे बघतात. गिऱ्हाइकाशी हात मिळवला तो सोडला नाही. तो भावूक झाला. ऑर्डर वाढवून दिली.

कारखान्यातला जुना फोरमन, ज्याला सगळे व्हर्नियर म्हणतात कारण तो चहातली साखरही मोजून घेतो, तो म्हणाला, मालक, हात अडकतो का तुमचा हल्ली? डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, डॉक्टरसाठीच तर चाललंय.

बोलून गेलो. त्याला काही कळलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११.१५

पुन्हा फोन. यावेळी तयारीत होतो, कागदावर मुद्दे काढून ठेवले होते. ते काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, डॉक्टर, माझं मत असं की लोक स्ट्रोकवर वेळ घालवतात, खरा खेळ स्पर्शानंतर सुरू होतो. ते म्हणाले, हे फारच सुंदर बोललात. तरुणपणी कुठे खेळायचात?

हा मुद्दा कागदावर नव्हता.

म्हटलं, कुठे नाही खेळलो ते विचारा.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटं जिन्यात बसून होतो. एका खोट्यावर दुसरं चढवलंय, आता वरचं पडलं तर खालचंही उघडं पडणार. थोरल्याच्या त्या बिचाऱ्या मुलीला कसं वाटलं असेल? तिलाही असेच फोन येत असतील. डिग्री काय म्हणतेय?

दुपारी झोपलो नाही. बाटली घेऊन बसलो. टिंग सव्वीस. आजची मोजणी धरू नये.

३० सप्टेंबर, मंगळवार

मुलगी कारखान्यात आली. ती कधी येत नाही. ऑफिसचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, बाबा, त्यांना फोन करून सांगून टाका. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, तुम्हाला माहितीय काय. काही होणार नाही. मी म्हटलं, आणि झालं तर? ती म्हणाली, तर माझं होईल ना. मग मला ठरवू द्या.

मी म्हटलं, बारा तारखेपर्यंत थांब. ती म्हणाली, तुम्ही जिंकणार आहात का? मी म्हटलं, जिंकायचं कुठे आहे, लाजिरवाणं हरायचं नाही, एवढंच. ती बराच वेळ माझ्या टेबलावरचा वॉशर फिरवत बसली. जाताना म्हणाली, मी लहान असताना तुम्हाला पोहायला येतं असं मला सांगितलं होतंत, आठवतंय?

आठवतंय. ते वेगळं होतं. तिथे पाणी कमी होतं.

तरुण मुलं. त्यांना वाटतं खरं बोलणं म्हणजे फोन उचलणं.

४ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. दहापैकी सहा बॉल पॉकेटमध्ये. सहा. आणि दहाच्या दहा वेळा हात तिथेच. न मोजता. आपोआप. मार्करने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. म्हणाला, साहेब, हात विसरला. मी म्हटलं, काय विसरला? म्हणाला, पळून जायचं.

तेहतीस वर्षांची सवय तीन आठवड्यांत मोडली. असा माणूस विरळा. लेथ नऊ दिवसांत शिकलो ते काही उगाच नाही.

घरी येताना पहिल्यांदा वाटलं की कदाचित होईल. कदाचित ते खेळतील, मी खेळेन, जेवण होईल, तारीख निघेल आणि आयुष्यभर आम्ही दोघं व्याही रविवारी खेळत राहू. कोणाला कधी काही कळणार नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.३०

दोन नंबरच्या ऑपरेटरची बायको बाळंत झाली, तो आला नाही. आठ हजार वॉशर दुपारपर्यंत जायचे आहेत. व्हर्नियर म्हणाला, दुसरा माणूस शोधतो. मी म्हटलं, शोधतोस कशाला, मीच बसतो. बऱ्याच दिवसांनी. पोरांनाही दिसू दे मालक कुठून आलाय. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळीचा गार्ड असतो, तो बाकी कोणाला मी काढू देत नाही. मी बसतो तेव्हा काढतो. माझ्या हाताला गार्ड लागत नाही.

रविवारपर्यंत हात गरम राहील.

त्याच दिवशी. दुपारी ४

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर माझं नाही.

चारशे वॉशर व्यवस्थित झाले. ठेव, ओढ, दाब. मग कोणीतरी माझ्याकडे बघत होतं म्हणून मी जरा ऐटीत पत्रा डायवर ठेवला. हात पुढे गेला. आणि तिथेच राहिला. डोक्यात कोणीतरी म्हणालं, एक.

पायाला कोणी पूल शिकवलेलं नाही. पायाने वेळेवर पायडल दाबलं.

दोन म्हणायच्या आधी हाताला आठवलं. अर्धवट. उजव्या हाताचं पहिलं बोट. टोक. नख गेलं, नखाखालचं थोडं गेलं. हाड शाबूत आहे.

आवाज मी ऐकला. तेहतीस वर्षं मी ह्या आवाजाची वाट बघत होतो, माझ्याच प्रेसवर, आणि तो अगदी साधा होता. वॉशर कापल्याचाच.

व्हर्नियरने हात फडक्यात गुंडाळला. टेम्पोत बसवलं. रस्त्यात मला विचारलं, मालक, हात का नाही काढला? मी फडकं घट्ट धरलं. त्याने परत विचारलं नाही. टेम्पो चालवताना तो रडत होता. मला वाटायचं तो फक्त मोजतो.

हाताच्या इमर्जन्सीला ह्या शहरात एकच दवाखाना.

मास्क, टोपी, वर फक्त डोळे. पण आवाज ओळखला. त्यांनीही मला ओळखलं, बोटांकडे बघायच्या आधी. म्हणाले, घाबरू नका. मी म्हटलं, मी घाबरलेलो नाही. नर्सने माझा डावा हात स्वतःच्या बाहीपासून सोडवला.

सुई दिली, बोट बधिर झालं. त्यांनी विचारलं, कसं झालं? म्हटलं, डाय सरकली. ते म्हणाले, डाय सरकली तर जखम आडवी होते. ही सरळ आहे. हात डायवर स्थिर होता. तेहतीस वर्षांत जो हात राहिला नाही तो आज का राहिला? मी म्हटलं, लक्ष नव्हतं. म्हणाले, लक्ष नसतं तेव्हा तर सवय काम करते. मग नर्सला म्हणाले, ह्यांचा फोरमन बाहेर सांगत होता, हल्ली ह्यांचा हात मध्येच अडकतो. हात मिळवताना सुटत नाही. लिफ्टचं बटण सुटत नाही. हे लक्षण मला आवडत नाही. मेंदूचा स्कॅन, नसांची तपासणी, तीन दिवस इथेच.

मी छताकडे बघत होतो. दोन भीती समोरासमोर होत्या. एक जुनी, खोटं उघडं पडण्याची. एक ताजी, स्कॅनची. मला वाटलं, स्कॅन करून घ्यावा. डोकं मशिनमध्ये घालावं. काही निघालंच तर ठीक, आजारी माणसाच्या मुलीचं लग्न कोणी मोडत नाही.

हा विचार मी खरंच केला. लिहून ठेवतो.

मग माझ्या डोळ्यांसमोर मुलगी आली, वॉशर फिरवताना. म्हटलं, डॉक्टर, स्कॅन नको. मी पूल खेळलेलो नाही.

सगळं सांगितलं. फोनवरचं वाक्य चोरल्याचं, क्लब, मार्कर, बाटली, एक, दोन. हॉर्नसुद्धा. ते टाके घालत होते. त्यांचा हात एकदाही थांबला नाही, एकदाही घाईत गेला नाही. शेवटचा टाका घातला, दोरा कापला, हात तिथेच ठेवून क्षणभर बघितलं. मला वाटलं आता बोलतील.

म्हणाले, रविवारी या. बोलू.

८ ऑक्टोबर, बुधवार

फोन नाही. बोट ठणकतं. हिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे पित्त बरं झालं?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ड्रेसिंगला गेलो. ते स्वतः आले नाहीत. असिस्टंटने पट्टी बदलली. विचारलं, साहेब आहेत का? म्हणाला, आहेत, बिझी आहेत.

बिझी. ह्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे. ज्या पत्रेवाल्याचे पैसे द्यायचे नसतात त्याच्यासाठी मीही बिझी असतो.

रविवारी काय बोलणार ते मी पाठ करतोय. आमच्या मुलीचा ह्यात काही दोष नाही. तिने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. हवं तर माझ्याशी संबंध ठेवू नका, तिच्याशी ठेवा. शेवटच्या वाक्याशी दर वेळी अडकतो, म्हणून ते काढून टाकलंय. मग परत घातलंय.

११ ऑक्टोबर, शनिवार

मार्करला भेटून आलो. त्याने पट्टीकडे बघितलं, मी काय झालं ते सांगितलं. तो खाली बसला. म्हणाला, साहेब, तुम्ही प्रेसवाले आहात हे सांगितलं होतंत, पण प्रेसवर अजून बसता हे सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला हे शिकवलं नसतं. मी त्याची समजूत घातली. त्याने महिन्याचे पैसे परत करायला काढले, मी घेतले नाहीत. निघताना म्हणाला, पण हात खरंच चांगला बसला होता हो.

१२ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ५.३०

सकाळी बुटांच्या नाड्या बांधता येईनात. मुलगी आली, खाली बसली, बांधल्या. म्हटलं, मोडलं तर? ती म्हणाली, सांगितलंत ना. झालं. आणि दुसऱ्या बुटाची गाठ सोडून नीट परत बांधली.

गाडी तिने चालवली. 

दार विहीणबाईंनी उघडलं. हाताकडे बघून म्हणाल्या, दुखतंय का फार? बसायला दिलं. माझी बायको आणि त्या कॅलेंडर घेऊन बसल्या. मी पाठ केलेलं तोंडाशी आणून वाट बघत होतो की कोणीतरी विषय काढेल. कोणी काढेना. दहा मिनिटांत तारीख ठरली. डिसेंबर, दुसरा शनिवार. जावयाने पेनने गोल केला. मुलगी माझ्याकडे बघून हसली. मला ते समजायला वेळ लागला.

जेवणाआधी डॉक्टर म्हणाले, चला खाली. जिन्याखालच्या खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी बॉल लावले, एकटेच खेळायला लागले. मी स्टुलावर, हात मांडीवर उशीसारखा. शेवटी मीच म्हटलं, डॉक्टर, मी पाच आठवडे तुमच्याशी खोटं बोललो. थोरल्याच्या वेळी तुम्ही लग्न मोडलंत.

ते वाकून नेम धरत होते. म्हणाले, ती त्या डिग्रीवर पेशंटची हाडं बसवणार होती. तुम्ही काय बसवणार होतात? बॉल गेला. म्हणाले, दवाखान्यात मला काही सुचलं नाही, खरं सांगतो. माझ्या एका चेष्टेपायी माणसाचं बोट जातं तेव्हा बोलता येत नाही. शुक्रवारीही समोर यायचं धैर्य झालं नाही. म्हणून बिझी.

मी विचारलं, चेष्टा कसली?

मग त्यांनी सांगितलं. रविवारचे फोन स्पीकरवर असायचे. चौघं असायची खोलीत. काठीचं वजन आणि बाईचं वय, तेव्हा खोकला विहीणबाईंना आला होता. आजच कबूल करतील, नाहीतर पुढच्या रविवारी करतील, अशी त्यांची पैज लागायची. एकटे जावई म्हणायचे, नका छळू त्यांना.

मी म्हटलं, म्हणजे माझ्या मुलीने आधीच सांगितलं होतं तुम्हाला. ते म्हणाले, एक अक्षर नाही. तिला आम्ही विचारलंच नाही. विचारायची गरज पडली नाही.

मी म्हटलं, मग कळलं कसं? तेवढं तरी सांगा. बोलण्यात कुठे चुकलो?

म्हणाले, बोलणं उत्तम होतं. त्यांनी खिशातून फोन काढला. पहिल्या भेटीच्या दिवशी विहीणबाईंनी सगळ्यांचे फोटो काढले होते, त्यातला एक मोठा करून माझ्या डाव्या हातात दिला. टेबलाशेजारी मी उभा, मान वर, चेहऱ्यावर तेहतीस वर्षांचा अनुभव. हातात काठी, खडू.

खडू मी जाड टोकाला लावतोय.